पोटपट्ट्याचा वाद आणि बाळंतिणीचे पाय

बाळंतिणीचं पोट बांधावं की नाही, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन तट पडले आहेत. निमित्त माझ्या मावसबहिणीचं. नाशिकला तिला मुलगा झाला, सिझर करावं लागलं. मोठ्या मावशीचं म्हणणं, जुनं मऊ पातळ घ्या, छातीखालपासून ओटीपोटापर्यंत आवळून बांधा आणि सव्वा महिना सोडू नका. नाहीतर पोटात वात धरतो आणि सुटलेलं पोट पुन्हा आत जात नाही. वहिनीचं म्हणणं, हे सगळं जुनाट आहे, पट्ट्याने नुकसानच होतं असं आता डॉक्टरच इन्स्टाग्रामवर सांगतात. बहिणीच्या नवऱ्याने मधला मार्ग काढून तीन तुकड्यांच्या बेल्टचा संच ऑनलाइन मागवला. त्याच्या खोक्यावर सपाट पोटाच्या एका तरुणीचा फोटो आहे, आणि ती कधी बाळंत झाली असेल असं काही तिच्याकडे बघून वाटत नाही.

मी म्युनिकमध्ये राहते, माझी मुलगी इथेच झाली. मावशी आणि वहिनी दोघींचाही जीव बहिणीसाठी तुटतो आहे, हे मला ठाऊक आहे. पण हा वाद भलत्या जागी चालला आहे. सगळं बोलणं पोट दिसतं कसं याभोवती फिरतं. बाळंतिणीच्या जिवाशी ज्यांचा संबंध आहे ते तिचे पाय, आणि तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांशी ज्यांचा संबंध आहे ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, यांचं नाव कुणी घेत नाही.

आधी पायांचं सांगते. मला सहाव्या महिन्यात पाय जड वाटायला लागले, घोट्याशी निळ्या शिरा दिसू लागल्या. इथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर घट्ट मोजे लिहून दिले. ते घ्यायला वैद्यकीय साहित्याच्या दुकानात सकाळीच जायचं असतं, कारण दिवस चढेल तशी सूज चढते आणि माप चुकतं. दुकानातल्या बाईने घोटा, पोटरी, गुडघा आणि मांडी अशी जागोजागी टेप लावून मापं घेतली आणि त्या मापाचे मोजे दिले. पैसे आरोग्यविम्याने भरले. या मोज्यांना इथे औषधासारखे वर्ग आहेत: पहिल्या वर्गाचा दाब घोट्याशी १८ ते २१ मिलिमीटर (रक्तदाब मोजतात तसे पाऱ्याचे), दुसऱ्याचा २३ ते ३२. घोट्याशी दाब सगळ्यात जास्त आणि वर जावं तसा कमी, म्हणजे रक्त वरच्या दिशेने ढकललं जातं. ही कल्पना जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अभियंत्याची. त्याचेच पाय शिरांच्या दुखण्याने हैराण झाले होते, आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्याला बरं वाटायचं. पाणी खोल जाईल तसा त्याचा दाब वाढतो, तोच दाब कापडातून देता येईल, हे त्याच्या लक्षात आलं.

गरोदरपणात याची गरज का पडते? रक्त गोठण्याची प्रवृत्ती या काळात आपसूक वाढते. प्रसूतीत फार रक्त जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ती तयारी असते. संप्रेरकांमुळे शिरा सैलावतात. वाढलेलं गर्भाशय पायांकडून येणाऱ्या मोठ्या शिरांवर दाब देतं, आणि डावीकडची शीर तर आधीच एका धमनीखाली दबलेली असते. म्हणून गरोदरपणातली गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते. शिरेत गुठळी होण्याचा धोका त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या बाईपेक्षा चार ते पाच पट असतो, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो, आणि सिझर झालं की आणखी वाढतो. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझरच्या दुसऱ्याच दिवशी हेच झालं. आधीचा अनुभव असल्यामुळे तिला ते ओळखता आलं आणि तिने तपासणीचा आग्रह धरला.

मोजे सगळ्यावर उपाय आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी शिरा फुगायच्या थांबत नाहीत. पायांचं जडपण आणि ठणका मात्र कमी होतो. धोका खरंच मोठा असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनंच लागतात. आणि म्युनिकच्या हवेत दिवसभर चढवलेले मोजे चंद्रपूरच्या मे महिन्यात कोण घालू शकेल? इथली वस्तू जशीच्या तशी तिकडे नेऊन चालणार नाही, हे मला कळतं. पण पाय हलवायला पैसे लागत नाहीत, आणि नेमकं तेच आपल्याकडे नको म्हणतात. बहिणीला मी फोनवर विचारलं, चालतेस ना रोज? ती म्हणाली, "अगं, मला उठूच देत नाहीत. पाणीसुद्धा हातात आणून देतात." सिझर झालेल्या बाईने पडून राहावं, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. प्रेमापोटीच असते, पण सबंध दिवस अंथरुणावर काढणं हे गुठळीला बोलावणं आहे. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

आता पोट. मावशीच्या म्हणण्याला फार जुना आधार आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूत स्त्रीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेष्टावं असं सांगितलं आहे, वायूला पोटात जागा मिळू नये म्हणून. त्यामुळे वहिनीसारखं हे एका वाक्यात उडवून लावायला मी तयार नाही. सिझरनंतरच्या पहिल्या दिवसांत खोकताना, उठून बसताना टाक्यांना आधार लागतो आणि पट्टा तो देतो. दुखणं कमी होतं असं काही चाचण्यांत दिसलं, काहींत फरक पडला नाही. ज्या बाईला बरं वाटतं तिने बांधावा. इथेही काही सुइणी पहिले काही दिवस पोटाला मऊ कापडाचा आधार द्यायला सांगतात.

अडचण आवळण्यात आहे, आणि सव्वा महिना त्याच्यावरच विसंबून राहण्यात आहे. गरोदरपणाच्या शेवटी पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब जातात. जवळजवळ प्रत्येकीचे जातात. नॉर्वेत पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, त्यात सहा आठवड्यांनी ६० टक्के बायकांमध्ये ही फट होती आणि वर्षभरानंतरही साधारण तिघींमागे एकीमध्ये. पट्टा बांधून ती मिटते असा ठोस पुरावा नाही. उलट पोट वरून करकचून आवळलं की आतला दाब खाली जातो, म्हणजे बाळाला बाहेर येऊ देताना ताणले गेलेले जे स्नायू गर्भाशय आणि मूत्राशय तोलून धरतात, त्यांच्यावरच. त्यांना या काळात विसावा हवा असतो आणि मग हळूहळू व्यायाम. गरोदरपणात कंबर आणि ओटीपोटाची हाडं दुखतात तेव्हाचा पट्टाही वेगळा असतो: तो पोटाच्या खाली, खुब्याच्या हाडांवर बसवायचा असतो. आपल्याकडे बायका तोच पोटावर चढवून घेतात आणि म्हणतात, काही उपयोग झाला नाही.

जर्मनीने मला यात काय दिलं, तर एक माणूस दिलं. बाळंतपणानंतर पहिल्या दहा दिवसांत सुईण घरी रोज येऊ शकते, त्यानंतरही बाराव्या आठवड्यापर्यंत तिच्या फेऱ्या असतात. सगळं सरकारी विम्यातून. माझी सुईण बाळाचं वजन करायची, आणि मग बाळाला बाजूला ठेवून माझ्याकडे वळायची. पोटऱ्या दाबून बघायची. पोटाच्या मध्यावर बोटं ठेवून फट किती आहे ते सांगायची. शिंकताना लघवी सुटते का, हे ती इतक्या सहज विचारायची की उत्तर देताना लाज वाटली नाही. पुढे या स्नायूंसाठी व्यायामाचा वर्ग, दहा तासांचा, तोही विम्यातून. बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत तो पुरा करायचा. वर्गात आम्ही सगळ्याजणी आपापली बाळं शेजारी चटईवर ठेवून श्वास आणि स्नायू यांची गाठ पुन्हा घालायला शिकत होतो.

पण इथलं सगळं गोड मानू नका. म्युनिकमध्ये सुईण मिळवायला गरोदर असल्याचं कळताच फोन फिरवावे लागतात, कित्येकींना मिळतच नाही. आणि ती अर्धा तास बसून निघून गेली की घर रिकामं होतं. मला कुणी न्हाऊ-माखू घातलं नाही. आळिवाची खीर मी स्वतः केली. माझ्या बहिणीच्या घरात सकाळी मालिशवाली बाई येते, धुरी होते, तिच्या पुढ्यात गरम ताट येतं, रात्री बाळ आजीच्या मांडीवर असतं. तिचं पोट बांधणारे हात हे त्या सगळ्या मायेचाच भाग आहेत. ते हात मला इथे फार हवेसे वाटले होते, आणि म्हणूनच त्यांनी पातळाची गाठ किती आवळायची एवढ्यावरच थांबू नये असं वाटतं.

कारण आपल्याकडे बायका खालचं दुखणं सांगत नाहीत. बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीला लघवी सुटण्याचा त्रास होतो. काहींचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं. आजीच्या पिढीतल्या किती बायकांनी ते कपडा गुंडाळून, कुणाला न सांगता सोसलं असेल! डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली: ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होतं, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं. वेळेवर ऐकलं न गेलेलं दुखणं शेवटी कुठे जातं, हे त्यात दिसतं. सिझरचं प्रमाणही वाढतं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात ते २१.५ टक्के निघालं, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. म्हणजे टाके आणि गुठळीचा धोका दोन्ही घेऊन घरी येणाऱ्या बायका वाढत चालल्या आहेत.

यासाठी महाराष्ट्राला जर्मनीकडून काही उसनं आणायची गरज नाही. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची पद्धत गडचिरोलीतच बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि पुढे ती देशभर गेली. आज दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताई घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आईची विचारपूसही त्यांच्या कामात आहे, पण सारं लक्ष बाळाकडे जातं. याच फेऱ्यांत आईसाठी काही ठरलेले प्रश्न यावेत. पोटरी दुखते का, चालता का, लघवी सुटते का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का. शेवटच्या दोन फेऱ्यांत ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम करून दाखवावा, आणि जिथे उत्तर हो येईल तिथून फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी जावी. अर्थात या वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना मिळायलाच हवा. त्यांच्या मानधनावर आधीच पुरेसा अन्याय झाला आहे. खासगी प्रसूतिगृहांनी तर डिस्चार्जच्या कागदांबरोबर बाळाच्या लसीकरणाची तारीख देतात तशी आईच्या स्नायूंच्या तपासणीची तारीख द्यावी. त्यांना ते उद्यापासून जमेल.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बांधू की नको, ते सांग." मी म्हटलं, मावशी, बांध, पण मऊ बांध, तिचा श्वास पोटापर्यंत जाईल एवढं सैल, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी सोड. रोज सकाळ-संध्याकाळ तिला अंगणात चालव. बाकी तिला काय होतंय ते तूच विचार, दुसऱ्या कुणाला ती सांगणार नाही.