हेड्स-अप पोकर : ‘प्रत्येक डावात रेझ करा’ या सल्ल्याचा हिशेब

टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार : प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर पाच समाईक) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. समोर एकच खेळाडू असेल (यालाच हेड्स-अप म्हणतात) तर पत्त्यांना किंमत नाही, प्रत्येक डावात रेझ करा, म्हणजे रक्कम वाढवा. समोरच्याचा चेहरा वाचा. तेही जमत नसेल तर कॉम्प्युटरने खेळ सोडवलेलाच आहे, कुठला हात (म्हणजे हातातले दोन पत्ते) कसा खेळायचा याचा त्याचा तक्ता पाठ करा. हा सल्ला मानून खेळणाऱ्यांचं नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘पत्त्यांना किंमत नाही, रेझ करा.’ यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते फसवतं. हेड्स-अपमध्ये बटणवालाच (ज्याच्यासमोर डीलरची खूण असते तो) स्मॉल ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीची छोटी सक्तीची रक्कम भरतो; समोरचा मोठी, म्हणजे बिग ब्लाइंड. फ्लॉपआधी, म्हणजे पहिली तीन समाईक पानं उघडण्याआधी, तो पहिला बोलतो, पण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी. समोरच्याची चाल पाहून ठरवायला मिळतं, तेव्हा बटणावरून बहुतेक हात खेळणं बरोबरच आहे. शिवाय जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर जोडी लागते ती साधारण तीनातून एकदा. समोरचा बऱ्याचदा फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकून देतो, आणि सल्ला खरा वाटू लागतो.

आता समोरच्याच्या जागी बसून मोजा. तुम्ही अडीच ब्लाइंडचा (बिग ब्लाइंडच्या अडीचपट) रेझ केलात. बिग ब्लाइंडवाल्याला आणखी दीड भरायचा आहे, आणि त्याने कॉल केला, म्हणजे तेवढे भरले, की पॉट (मधे जमलेली रक्कम) पाचाचा होतो. म्हणजे त्याला जिंकण्याची ३० टक्के शक्यता पुरते. तुम्ही काहीही हातात घेऊन रेझ करता हे त्याने एकदा ओळखलं, की वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्रीसुद्धा त्याच्या हिशेबात बसू पाहते. कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध पाचही पानं उघडेपर्यंत गेली तर ती ३५ टक्क्यांच्या आसपास जिंकते. पुढे त्याला आधी बोलावं लागणार असल्याने तो सगळेच हात खेळणार नाही, हे खरं. पण त्याचं फोल्ड करण्याचं कारण तुम्हीच काढून घेतलेलं असतं. त्याने उलट रेझ केला तर तुमच्याकडे टिकणारे हात थोडेच. आणि निम्म्या डावांत बिग ब्लाइंडवर तुम्ही असता, तिथे फ्लॉपनंतर आधी तुम्हाला बोलावं लागतं. त्या निम्म्या डावांबद्दल हा सल्ला गप्प आहे, आणि माझ्या मते खेळ सुधारायची खरी जागा तीच आहे.

ब्लफलाही भाव असतो. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानावर, अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा चालला तरी पुरतो. पूर्ण पॉटचा असेल तर दोनातून एकदा चालावा लागतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी पोकरचं जे सोपं गणिती रूप मांडलं, त्यात बेट लावायची ती उत्तम हातांनी आणि अगदी पडक्या हातांनी. मधले हात चेक करायचे, म्हणजे बेट न लावता डाव पुढे जाऊ द्यायचा. नवे खेळाडू नेमक्या मधल्या जोडीनेच ब्लफ करतात आणि उघडल्यावर जिंकला असता असा हात वाया घालवतात.

चेहऱ्याचं म्हणाल, तर डग पोक आणि डॅनियल नेग्रानू या व्यावसायिक खेळाडूंची हेड्स-अप लढत पाहा. नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात दोघे २५,००० डाव खेळले. पहिले २०० समोरासमोर, बाकीचे ऑनलाइन, म्हणजे चेहरा न दिसता. पोक सुमारे १२ लाख डॉलर जिंकले. वाचायचं ते बेटचा आकार, आणि पत्ते उघडल्यावर तो कुठल्या हाताचा निघाला ते. हे लिहून ठेवा.

‘कॉम्प्युटरने खेळ सोडवला.’ अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सिफियस’ या प्रोग्रामने २०१५ मध्ये जवळजवळ सोडवला तो दोघांचा लिमिट होल्डेम, जिथे बेटचा आकार ठरलेला असतो. आपण खेळतो तो नो-लिमिट, जिथे हव्या तेवढ्या चिप लावता येतात. त्यात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रोग्रामने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, पण खेळ सोडवला नाही. शिकण्यासारखी गोष्ट त्याच्या रात्रीच्या कामात होती. दिवसा खेळाडू ज्या फटींवर बोट ठेवत, त्या तो रात्री हिशेब करून बुजवत असे. तक्ता उपयोगी पडतो तो चिप कमी असताना. १० ब्लाइंड उरलेत आणि ऑल-इन (सगळ्या चिप लावणं) किंवा फोल्ड एवढंच करायचं ठरवलं, तर स्मॉल ब्लाइंडवरून सुमारे ५८ टक्के हात ऑल-इन जातात. एवढं जरूर पाठ करा. १०० ब्लाइंड असताना मात्र पाठांतर फ्लॉपपर्यंतच साथ देतं. आणि तक्त्यातला समतोल खेळ तुम्हाला हरण्यापासून वाचवतो. समोरचा सारखाच फोल्ड करत असेल तर त्याच्याकडून जास्तीत जास्त काढायला तक्ता सोडावा लागतो.

सरावासाठी पैसे लावायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदाही केला आहे. घरी नुसत्या चिपांवर मित्रासोबत खेळा आणि बिग ब्लाइंडवरून रिव्हरला केलेले कॉल वहीत लिहा : पॉट किती होता, किती टक्के लागत होते, समोर काय निघालं. जिथे हरलात तेवढेच डाव लिहू नका, जिंकलेले चुकीचे कॉलही लिहा.