दाजी, डाळ ऑनलाइन टाका की!

मेहुण्यांच्या डाळीच्या दुकानाला ऑनलाइन दुकान काढून देण्याचे काम माझ्याकडे आले, त्यामागे माझी पात्रता एवढीच होती की आमच्या दोन्ही घरांत मिळून वीजबिल मोबाइलवरून भरणारा मी एकटाच होतो. लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेत त्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद अशा डाळी आणि हंगामात पानचिंचोलीची चिंच तेथे मिळते. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने दिवाळीत येऊन सांगितले की मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी प्रणाली वापरली तर एक पैसाही पडत नाही, आणि व्यापाऱ्याच्या भरल्या घरात असे वाक्य उच्चारल्यावर जे व्हायचे ते झाले. "दाजी, तुम्ही दुकान बसवा, डाळ मी देतो," असे म्हणून मेहुण्यांनी कामाची वाटणीही करून टाकली.

भाच्याच्या मनात मॅजेंटो होते. २००८ साली आलेली ही ऑनलाइन दुकानाची प्रणाली २०१८ मध्ये अॅडोबी कंपनीने १६८ कोटी डॉलरना विकत घेतल्याचे त्याने अभिमानाने सांगितले, तेव्हा मेहुण्यांनी विचारले, "फुकटचा माल एवढ्याला कोण घेतंय?" भाचा गप्प बसला आणि मॅजेंटो मागे पडले. फ्रान्सचे प्रेस्टाशॉप आणि ओपनकार्ट ही नावेही येऊन गेली. शेवटी संकेतस्थळे बांधण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीवर बसणारे वूकॉमर्स ठरले, आणि ते मेहुण्यांना पटले ते त्याच्या जन्मकथेमुळे. जिगोशॉप नावाच्या मुक्तस्रोत दुकान-प्रणालीचे दोन कारागीर २०११ मध्ये वूथीम्स या कंपनीने आपल्याकडे घेतले आणि त्याच प्रणालीची प्रत पुढे वाढवून वूकॉमर्स उभे केले. परवाना मोकळा असल्यामुळे हे सारे कायदेशीर होते. "म्हणजे कारागीर फोडून समोरच दुकान टाकलं," मेहुणे म्हणाले, "चालतंय. माणसं धंद्यातली दिसतात."

परवान्याचे म्हणाल तर तो मी पूर्ण वाचला, आणि तसे करणारा मराठवाड्यातील मी पहिलाच असावा असा मला संशय आहे. प्रणाली वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, अशी उदार परवानगी दिल्यावर हा परवाना सांगतो की आहे तशी घ्या, कसलीही हमी नाही, ती तुमच्या कामाला उपयोगी पडेल याचीसुद्धा नाही. मेहुण्यांच्या पावतीच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले आहे, त्यामुळे त्यांना या कलमात काही वावगे वाटले नाही. वावगे वाटले ते पुढे. माल परत घेण्याच्या धोरणाचा एक तयार मसुदा वूकॉमर्सने न मागता आमच्यासाठी लिहून ठेवला होता आणि त्यात ३० दिवसांची मुदत होती. "तीस दिवसांत डाळ खाऊन होते की ओ!" मेहुणे ओरडले. "परत काय घ्यायचं, भांडी?"

गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात आणि नवखा माणूस आपण आलो तो रस्ता सोडून उरलेल्या पंधरांवर आपली गाडी शोधतो. वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये माझी तीच गत झाली. पण रस्ता चुकण्यापेक्षा जाचक होते ते त्या प्रणालीचे प्रश्न, कारण दुकानाच्या गादीवर आजवर कोणी कोणाला जे विचारले नव्हते, तेच नेमके ती विचारत होती. मालाची लांबी किती? रुंदी किती? उंची किती? तूरडाळीची उंची मेहुण्यांना विचारण्याचे धाडस मला झाले नाही. मालाचा भाव या चौकटीत एकच आकडा मावतो, आणि मेहुण्यांकडे एकाच डाळीचे सकाळचा, सौदे निघाल्यानंतरचा, ओळखीचा आणि सोयऱ्याधायऱ्यांचा असे भाव असतात.

कराची चौकट तर खास होती. २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. गिऱ्हाइकासमोर पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्ट्या डाळीवर तो नाही. "आपण समोरच तोलतो," मेहुणे म्हणाले. गिऱ्हाईक ठाण्यात बसलेले असताना ते समोर कसे, हे मी त्यांना समजावत होतो, आणि ते व्हिडिओ कॉलवर तोलायला तयार होते. त्या दिवशी करसल्लागाराकडे जाऊन यावे लागले. त्यांनी मात्र फी घेतली.

नमुन्याचा माल भरून पाहावा म्हणून वूकॉमर्ससोबत येणारी तयार यादी मी चढवली. त्यात लोकरीच्या टोप्या आणि हुडी निघाल्या. वैशाखातल्या लातुरात, कूलरमध्ये पाणी ओतता ओतता, मी एकेक लोकरी टोपी कचरापेटीत टाकत होतो. त्यानंतर पहिला खरा माल चढवला आणि त्याला शुद्ध मराठीत 'गावरान तूरडाळ, बिनपॉलिश' असे नाव दिले. दुवा मेहुण्यांनी सोयऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची हातभर माळ उमटली. सोयऱ्यांनी ती फसवणुकीची लिंक समजून आपापल्या पोरांना उघडू नका म्हणून बजावले. दुव्यासाठी निराळे, इंग्रजी अक्षरांतले नाव लिहायची सोय असते, हे मला भाच्याकडून कळले. लाखाचा स्वल्पविराम मात्र जागेवर आणता आला नाही, कारण वूकॉमर्स तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देते. घाऊक मालाचा एक लाखाचा आकडा १००,००० असा पाहून मेहुण्यांनी तो बोट ठेवून तीनदा मोजला आणि दुकानातली सगळी बिले आपल्या वहीतच राहतील, असे मला बजावले.

मध्ये एकदा एक फुकटचे प्लगिन, म्हणजे प्रणालीला जोडायचा पूरक तुकडा, अद्ययावत केले आणि सगळे दुकान पांढरे पडून 'गंभीर त्रुटी' एवढेच दोन शब्द शिल्लक राहिले. अशा वेळी वर्डप्रेस व्यवस्थापकाला ईमेल पाठवते. व्यवस्थापक म्हणून पत्ता भाच्याचा होता आणि भाच्याची परीक्षा चालू होती. त्याने पेपर संपल्यावर सांगितले. तोवर मेहुण्यांनी शटर ओढल्याचा फोटो मागितला होता, निदान लोकांना 'बंद आहे' असे तरी कळावे म्हणून.

आणि मग ऑर्डर आली. ठाण्याची, पाच किलो तूरडाळ, पैसे माल पोहोचल्यावर. पत्त्याच्या चौकटीत गिऱ्हाइकाने ठाण्याच्या नव्हे, लातूरच्याच ओळखी लिहिल्या होत्या: मूळचे औशाचे, अमक्याचे व्याही. मेहुण्यांनी लगेच फोन लावला, चौकशी झाली, दोन्हीकडची आजारपणे निघाली आणि भाव किलोमागे दोन रुपयांनी उतरला. मी आकडा बदलायला गेलो, तर अशी ऑर्डर 'प्रक्रियेत' गेली की पुढे संपादित करता येत नाही, असे प्रणालीने स्पष्ट बजावले. मेहुण्यांना मी ते वाचून दाखवले.

"मग राहू द्या तसंच," ते म्हणाले आणि पुड्याचा दोरा सोडून पाव किलो डाळ त्यांनी वर ओतली. शिल्लक मालाच्या चौकटीत पाव भरायला गेलो. तेथे पूर्णांकच चालतो.