साडेबाराचे पाच

वर्षभरात एकही सुट्टी मिळालेली नाही? साहेबानं आज जेवणाच्या सुट्टीआधीच डोकं उठवलंय? मग रजेचा अर्जबिर्ज लिहीत बसू नका. अर्ज म्हटला की कारण द्यावं लागतं, आणि कारण साहेब वाचतो. त्यापेक्षा अ‍ॅलन जॅक्सन आणि जिमी बफे या अमेरिकी गायकांचं 'इट्स फाइव्ह ओ'क्लॉक समव्हेअर' (म्हणजे 'कुठंतरी पाच वाजलेत') हे गाणं लावा. त्यातला तासावर राबणारा गडी तुमच्यासारखाच वैतागून दुपारी साडेबारालाच बारमध्ये जाऊन बसतो. २००३ साली अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते आठ आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून होतं. गीतकारांना ग्रॅमी हा संगीतातला मानाचा पुरस्कारही मिळाला. एवढ्या लोकांना गुण आलाय म्हटल्यावर तुम्हालाही येईल.

कृती सोपी आहे. दुपारचे साडेबारा झालेत, म्हणजे तुमचे बारा वाजूनही अर्धा तास उलटलाय. सभ्य माणूस पाचच्या आत पीत नाही हे खरं, पण जगात कुठंतरी पाच वाजलेच असतील की! एवढं म्हणायचं आणि उंच पेल्यात कडक काहीतरी मागवायचं. (महाराष्ट्रात असाल तर आधी परवाना काढा. आपल्याकडे बुडण्यालासुद्धा कागद लागतो.)

डोक्यात किडे असलेले काही लोक इथं हिशेब करतात. मी केला. कंट्री संगीताचं माहेर म्हणून नॅशव्हिलचं घड्याळ धरलं. उन्हाळ्यात तिथं साडेबारा वाजतात तेव्हा घानात आणि आइसलँडमध्ये साडेपाच, केप व्हर्दीत साडेचार. ठोक्याला पाच? जगाच्या पाठीवर कुठंही नाही! त्या क्षणी पुरते तास वाजलेले देश मोजकेच, आणि त्यात आपण आहोत. पण आपल्याकडे रात्रीचे अकरा झालेले असतात. तेव्हा पहिला पेला घानाच्या नावानं घ्या आणि वरचा अर्धा तास उशीर झाला म्हणून दुसरा घ्या.

आता समुद्रकिनारा. गाण्यातला गडी जमैकाला निघालाय असं तुम्हाला वाटलं असेल. छे, तो कुठंही जात नाही. त्याची जमैकाची सुट्टी बारच्या स्टुलावर सुरू होते आणि तिथंच संपते. आणि त्याचं बरोबरच आहे. जमैकात उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाहीत, त्यामुळे नॅशव्हिलच्या साडेबाराला तिथंही साडेबाराच. म्हणजे विमानाचं तिकीट काढून, वाळूत पाय खुपसून बसलात तरी पाच वाजायला साडेचार तास आहेतच! शिवाय जूनपासून तिकडे चक्रीवादळांचा मोसम. स्टुलावर मात्र 'हरिकेन', म्हणजे चक्रीवादळच, पेल्यात येतं: न्यू ऑर्लिन्सची रमची कृती, कंदिलाच्या काचेच्या आकाराचा ग्लास. छप्पर उडत नाही, फक्त डोक्यावरचं ताळतंत्र.

हा गडी तासावर पगार घेतो, हे विसरू नका. २००३ साली अमेरिकेतला केंद्रीय किमान पगार तासाला ५.१५ डॉलर होता, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या रात्रीपर्यंत ताणायचा त्याचा बेत आहे. उद्या काय होईल ते त्यालाही ठाऊक आहे. भरपगारी रजा द्या, असं खासगी मालकाला सांगणारा केंद्रीय कायदा तिथं तेव्हा नव्हता, आजही नाही. एकही दिवस नाही! त्यावरच गाणं का लिहिलं नाही, असं विचारू नका. आपल्याकडे निदान रजेला मजा जुळते, इंग्रजीत तेवढीही सोय नाही.

पेला भरणाऱ्याकडे तर बघूच नका, मूड जातो. टिपवर जगणाऱ्यांसाठी केंद्राचा किमान रोख पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर उभा आहे. त्याच्या घड्याळात पाच वाजले की सुट्टी होत नाही, गर्दी सुरू होते.

बघायचंच तर बफेसाहेबांकडे बघा. गाण्याच्या शेवटी ते सांगतात की मार्गारिटाव्हिलमध्ये कायम पाचच वाजलेले असतात. ही नगरी त्यांनी १९७७ च्या एका गाण्यात वसवली, तिथला नायक काडीचं काम करत नाही. मग त्याच नावाची दुकानं निघाली, उपाहारगृहं निघाली, हॉटेलं निघाली, डेटोना बीचला पंचावन्नच्या पुढच्यांसाठी घरांची वसाहतसुद्धा झाली. २०२३ साली फोर्ब्सनं त्यांची मालमत्ता एक अब्ज डॉलर धरली. आळशीपणा एवढ्या नेटानं विकणारा माणूस साडेबाराला दारू मागवत बसला असेल, असं मला तरी वाटत नाही. पण तो व्यवसाय झाला. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्ही मागवा.

राहता राहिला ऑफिसचा फोन. तो वाजणारच. गाण्यात सल्ला दिलाय की मी शीड उभारून निघून गेलो, असं सांगा. पण सांगणार कोण? काळजी नको. नॅशव्हिलच्या साडेबाराला पुण्याच्या हिंजवडीत रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि कॅबमधून उतरून, डबा ड्रॉवरमध्ये सरकवून कुणीतरी पोरगा कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. तो फोन घेईल. अगदी नम्रपणे घेईल. फक्त त्याला हे गाणं पाठवू नका. त्याचे पाच वाजतात तेव्हा दूधवाला जिना चढत असतो.