दुधाच्या पिशवीचं टोक

सकाळी साडेसातला जिन्यातून "कचराऽऽ" अशी हाक आली की माझ्या पोटात गोळा येतो. शाळेत गणिताचा पेपर तपासून हातात पडायचा तेव्हा यायचा, तोच. मास्तर निदान पेपर घरी नेऊन तपासायचे. मावशी दारातच, माझ्यादेखत तपासतात.

"काका, हे काय?"

मावशींच्या चिमटीत नखाएवढा तिकोनी तुकडा. दुधाच्या पिशवीचं टोक. दोडक्याच्या साली आणि चहाचा चोथा यांच्या मधोमध कसं गेलं, देव जाणे.

"पिशवीला भाव आहे, टोकाला नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बऱ्याच जणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या. सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे. धुतलेली पिशवी विकली जाते. टोक मात्र ओल्यातून निवडत बसा.

2016च्या नियमांनी घरात ओला, सुका आणि घातक असे तीन खाने पाडले, तेव्हापासून आमच्याकडे रोज वाद. नारळाची करवंटी ओली की सुकी? तेल प्यायलेला पिझ्झाचा खोका? (माझं मत : मागवायलाच नको होता.) नातवाचे डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायचा, म्हणजे मावशींना उघडून पाहावं लागत नाही. एकदा स्केचपेन सापडेना म्हणून बायकोनं कुंकवाचं बोट टेकवलं. शेजारच्या आजींना दारातली पुडी देवीच्या प्रसादाची वाटली. मी अनवाणी धावलो म्हणून पुढचं टळलं.

मावशींचा त्रास कमी व्हावा म्हणून मी घरीच खत करायला घेतलं. जुन्या बादलीला तापल्या पेचकसानं भोकं पाडली, तळाशी वाळका पाला घातला, वर आंबट ताकात गूळ कालवून शिंपडला. दोन आठवडे मी बाल्कनीत शेतकऱ्यासारखा उभा राहायचो. तिसऱ्या आठवड्यात वास सुटला. बायकोनं आधी फ्रिज धुतला, मग मोरी, मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. झाकण उघडलं तर आत वळवळ.

चूक माझीच. ओलं फार, वाळकं कमी, त्यात हवा कोंडलेली. आता मी फिरायला जाताना गोणपाट नेतो. आमचा वॉचमन रोज पाला पेटवायचा आणि सगळी इमारत खोकायची. हल्ली त्याच्या आधी मी पोचतो. त्याला वाटतं, मला काहीतरी झालंय.

परवा आई आली. तिनं जन्मभर दुधाच्या पिशव्या धुऊन स्वयंपाकघराच्या टाइल्सवर चिकटवल्या आणि वाळल्यावर रद्दीवाल्याला विकल्या. आम्ही हसायचो. तिनं माझी कात्री काढून घेतली.

"टोक उडवतोस कशाला मुळात? अर्धवट चीर दे. लोंबू दे पिशवीलाच."

दुसऱ्या दिवशी चीर दिली. निम्मं दूध ओट्यावर, पण टोक पिशवीलाच. साडेसातला मी हाकेची वाट न पाहता दार उघडून उभा. मावशींनी बादली ढवळली, तळापर्यंत. काही नाही. मी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"काका," त्या म्हणाल्या, आणि सफरचंदाच्या सालीवरचा स्टिकर अलगद सोडवून त्यांनी माझ्या तळहातावर चिकटवला.