ओटी मागाहून भरा, आधी तिला वाढा

आज कोपरखैरण्यात डोहाळजेवण होतं. फुलांची वाडी, झोपाळा, धनुष्यबाण, सगळं साग्रसंगीत. होणारी आई सातव्या महिन्यात, गर्भारपणातला डायबेटिस, इन्सुलिन चालू. "एकला पानं वाढू" असं सांगितलं म्हणून तिने साडेबाराला इंजेक्शन घेतलं. मग फोटोग्राफर. मग उखाणे. मग डोंबिवलीच्या मावशी वाटेत आहेत, थांबा जरा. पावणेदोनला पोरीला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. एकीने पंखा वाढवला. साखर मोजायच्या मीटरवर ५८! साखरेचं पाणी पोटात गेल्यावर ती सावरतेय तोच मागून आवाज, "बघा, अंगाला साखर हवीच होती. उगाच उपाशी ठेवताय." आणि पुढ्यात दोन जिलब्या.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

अहो, साखर उतरली कारण औषध वेळेवर गेलं आणि ताट आलं नाही. ३०/७० चं (तीस टक्के लवकर, सत्तर टक्के सावकाश काम करणारं) साधं इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतात, कारण त्यातला लवकर काम करणारा भाग तेवढ्या वेळात कामाला लागतो. एकदा लागला की त्याला मावशींची लोकल कळत नाही. ताट समोर आल्यावर घ्यायची इन्सुलिनंही मिळतात. ज्यांच्या घरी किंवा ऑफिसात जेवणाचा नेम नाही त्यांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं, पण स्वतःच्या मनाने बदल करू नये.

साखर ७० च्या खाली गेली की तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर ग्लासभर पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मीटर. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच, आणि सावरली की लगेच जेवण. जिलबी-पेढा नको, कारण तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. तोवर घाबरून आणखी दोन पेढे भरवले जातात आणि मग मीटर भलत्याच टोकाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, गाडी काढायची.

आणि "गोड खात असणार म्हणून झालं" हे तर बंदच करा. वारेतून (प्लासेंटातून) येणाऱ्या हार्मोन्समुळे आईच्या इन्सुलिनचा असर कमी होतो, आणि वार वाढते तसा तो आणखी कमी होत जातो. म्हणून तर पहिल्या तपासणीत टेस्ट चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त, १४० किंवा त्यापुढे आलं की निदान. यात तिचा गुन्हा कुठे आला?

तरी आज ती पोरगी मीटर घेऊन बाथरूममध्ये जाणार होती. का, तर चारचौघांत बोट टोचणं बरं दिसत नाही! हातावर पेढ्याचा, पंचामृताचा अंश असला की आकडा खोटा वाढतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचायचं. त्याला बेसिन लागतं आणि बसायला खुर्ची. लपायला जागा लागत नाही.

मान्य, जिलबी आणणारीचा जीव तुटत होता. पहाटे उठून तिनेच नारळीभाताची तयारी केली होती. तिच्यावर राग नाही माझा, खरंच नाही. पण प्रेमाने भरवलेला "एकच घास" दर दहा मिनिटांनी आला की मोजायचं कधीपासून? जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी बघतात, १२० च्या आत हवी. उपाशीपोटीची ९५ च्या आत. लाड करायचेत ना? मग सकाळी पोह्यांचा डोंगर देण्याऐवजी दोन मुगाची धिरडी आणि सोबत अंडं किंवा पनीर द्या, कारण बहुतेकींची साखर सकाळच्या नाश्त्यालाच उसळते. भात तोडू नका. एक वाटी भात, पण आधी कोशिंबीर आणि उसळ. फळ अख्खं, मधल्या वेळेला, रस नको. झोपताना बिनसाखरेचं दूध आणि मूठभर शेंगदाणे. गूळ, मध, खजूर यांनीही साखर चढतेच, कितीही नैसर्गिक असोत. बऱ्याच जणींचं एवढ्यावर आणि जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यावर भागतं, हेही खरं. पावसाळ्यात सोसायटीचा पॅसेज चालतो.

ज्यांचं भागत नाही त्यांनी इंजेक्शन पोटावर घेतलं तरी बाळाला टोचत नाही. सुई कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते आणि इन्सुलिन वारेपलीकडे जात नाही. भीती बाळगायचीच तर सिरिंजच्या टोपणाची बाळगा. ४० च्या (एका मिलीत ४० युनिट) बाटलीला लाल टोपण, १०० च्या (मिलीत १०० युनिट) इन्सुलिनला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट होतो. मेडिकलवाल्याच्या हातातून घेताना तिथेच बघा.

आणि महाप्या-ऐरोलीतले साहेबलोक, एकची मीटिंग अडीचपर्यंत ताणताना टेबलावर एखादी गर्भार बाई असेल तर तिला ताट घेऊन बसू द्या. तुमचं प्रेझेंटेशन पळून जात नाही.

बाळ झालं की सगळे म्हणतात, सुटली. वार पडते, साखर बहुतेक वेळा उतरते, इन्सुलिन बंद होतं. पण अशा बाईला पुढे कायमचा डायबेटिस होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची टेस्ट परत करायची, या वेळी उपाशीपोटी, आणि नंतर दरवर्षी एकदा साखर. नेमकी तेव्हा ती माहेरी असते आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते, त्याच कार्डावर आईची टेस्ट लिहून ठेवा. दोन तास लॅबमध्ये बसावं लागतं, तेव्हा बाळाला घ्यायला कुणीतरी सोबत जा. मावशींना सांगा हवं तर, त्या वेळेवर निघाल्या तर.