धण्याच्या पाण्याने थायरॉईडची गोळी सुटत नाही

‘धणे रात्रभर भिजवा, पाणी अनशापोटी प्या, २१ दिवसांत थायरॉईडची गोळी बंद!’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. पाणी खुशाल प्या, गोळी मात्र परस्पर सोडू नका. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे थायरॉक्सिन नावाचं हार्मोन पुरेसं बनवत नाही, तेच गोळीत असतं, धण्यात नसतं.

मग ‘मला फरक पडला’ म्हणणाऱ्या मावशी खोटं बोलतात का? छे. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे फारसं काही जाणवत नाही, आणि श्रेय आयतं धण्याला मिळतं. रक्ततपासणीतला टीएसएचचा (थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनचा) आकडा स्थिरावायला तर ६ आठवडे लागतात.

आणि हो, गोळी साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने.