सरकारी नोकरीवाला सामुराई

परवा रात्री पावणेदोनला मी हिजिकाता तोशिझोला पाचव्यांदा गमावलं. बँकेच्या कर्ज विभागात तेरा वर्षं काढली आहेत मी. समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत हा हप्ते बुडवणार की भरणार, हे सांगते. पण पडद्यावरच्या एका सामुराईशी तीन वाक्यांपैकी कुठलं वाक्य बोलावं, हे काही मला अजून उमगलेलं नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. जपानीत ‘ओतोमे’ म्हणजे तरुणी, आणि ओतोमे गेम म्हणजे खास बायकांसाठी बनवलेला प्रेमात पडायचा खेळ. यात पळायचं नसतं, उड्या मारायच्या नसतात, नेम धरायचा नसतो. सुंदर चित्रं बघत कादंबरीसारखं वाचत जायचं. पात्रांचे संवाद कानात बोलायला जपानचे नामांकित आवाजी कलाकार असतात. मधेच गोष्ट थबकते आणि दोन-तीन पर्याय समोर येतात. त्यावर ठरतं की शेवटी हातात हात येणार की तलवारीचं पातं. प्रत्येक नायकाचा रस्ता वेगळा, त्याला ‘रूट’ म्हणतात. आणि वाट चुकली की ‘बॅड एंड’.

या प्रकाराची सुरुवात १९९४ साली ‘अँजेलिक’ या खेळाने झाली. कोएई कंपनीतल्या ‘रुबी पार्टी’ नावाच्या बायकांच्या चमूने तो बनवला. त्यात नायिका विश्वाची राणी व्हायच्या स्पर्धेत उतरलेली असते, आणि भोवती नऊ देखणे रक्षक. त्यातल्या एकाच्या प्रेमात पडली तर राणीपदावर पाणी सोडायचं. म्हणजे लग्नासाठी करिअर सोडा. आमच्याकडे हा खेळ चार मावश्या आणि एक आत्या मिळून फुकट शिकवतात.

मी अडकले ती २००८च्या ‘हाकुओकी’त. काळ १८६०च्या दशकातला, गाव क्योतो. नायिका चिझुरु हरवलेल्या डॉक्टर वडिलांना शोधत येते आणि शिन्सेन्गुमीच्या तावडीत सापडते. शिन्सेन्गुमी ही खरीखुरी फौज. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, बाजूने क्योतोत गस्त घालायला १८६३ साली उभी राहिलेली. बाई गुलाबी पोशाख घालून मुलगा असल्याचं सोंग करते आणि याच लोकांबरोबर राहते. गस्त कशी घालत असतील, देव जाणे.

खरी परीक्षा पर्यायांची. समजा, नायक रागाने निघून गेला. पर्याय: त्याच्यामागे जा, खोलीतच थांब, कुणाला तरी सांग. माझ्यावर झालेले संस्कार म्हणतात, माणूस चिडलाय, एकटा सोडावा, निवळल्यावर चहा विचारावा. मी ‘खोलीतच थांब’ दाबते. उत्तर बरोबर असेल तर पडद्यावर फुलं चमकून जातात. माझ्या पडद्यावर काही होत नाही. गोष्ट मुकाट पुढे सरकते. ती शांतता किती अपमानास्पद असते, हे दहावीला बीजगणिताचा पेपर हातात पडल्यावर कळलं होतं, त्यानंतर आत्ताच. लोक यासाठी उत्तरांच्या तयार याद्या समोर घेऊन खेळतात. मी नाही घेत. शाळेत एकवीस अपेक्षित पाठ करून पास झाले. निदान प्रेम तरी स्वतःच्या अकलेने नापास व्हावं.

हिजिकाता फौजेचा उपनायक. लोक त्याला राक्षस उपनायक म्हणत. बाहेरून काटे, आत गरे; जपानी लोक त्यासाठी ‘त्सुन्देरे’ शब्द वापरतात, आपल्याकडे फणस म्हटलं की भागतं. तरुणपणी हा घरचं औषधी चूर्ण गावोगाव फिरून विकायचा. हायकू लिहायचा. ती वही लंपास करून फौजेतलाच ओकिता त्याला छळतो, तेव्हा हा जो काही ओरडतो!

त्या ओरडण्यानेच घात केला. नवरा आत घोरत होता, मी दिवाणखान्यात सोफ्यावर. कानातल्या इयरबड्सची बॅटरी कधी मेली कळलं नाही आणि हिजिकाताचा खर्जातला दम थेट हॉलभर घुमला. त्याच वेळी अप्पा, म्हणजे माझे सासरे, पाण्याचा तांब्या भरायला उठलेले. हातात टॉर्च.

“कोण पुरुष ओरडतोय एवढ्या रात्री?”

“अप्पा, जपानी आहे.”

याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं. इथेही फुलं चमकली नाहीत.

सकाळी चहाबरोबर खुलासा करावा लागला. प्रेमाचं मी गाळलं आणि इतिहासाचं तेवढं सांगितलं, कारण अप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून इतिहासातच राहतात. त्यांनी एकच विचारलं, “हे लोक कुणाच्या बाजूने?”

“शोगुनच्या.”

“म्हणजे हरणाऱ्या.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जिव्हाळा पसरला. पानिपत दरवर्षी नव्याने हरणाऱ्या माणसाला आणखी काय लागतं?

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आले तर अप्पा कॅलेंडरचं मागचं पान घेऊन बसलेले. मोबाइलवर शोधून त्यांनी तक्ताच केला होता. तोदो हेइसुके, १८६७, मारामारीत. कोन्दो इसामी, नायक, १८६८, शिरच्छेद. ओकिता सोजी, १८६८, क्षय. हारादा सानोसुके, १८६८. हिजिकाता तोशिझो, १८६९, हाकोदातेच्या लढाईत.

“अगं, हे सगळे मेलेत.”

मी अजून हिजिकाताच्या सहाव्या प्रयत्नात होते. दीडशे वर्षांपूर्वीची बातमी, पण घशात घास अडकला.

“आणि हा ओकिता,” अप्पांनी चष्मा वर केला, “खोकत असतो का गं सारखा?”

“असतो.”

“मग! तब्येतीची चौकशी आधी करायची असते.”

इथे मला पहिल्यांदा शंका आली. मी गाळलेलं प्रेमही त्यांनी शोधून काढलं होतं. तक्त्याच्या तळाशी एक नाव दोनदा अधोरेखित केलेलं. साइतो हाजिमे, १९१५.

“हा बघ. लढाया लढला, वाचला. नंतर तोक्योच्या पोलिसात लागला.” आवाज खाली आला, जसा स्थळाची पत्रिका जुळल्यावर येतो. “सरकारी नोकरी.”

“अप्पा, तो फार कमी बोलतो.”

“चांगलंच आहे की. तुझी सासू म्हणायची, बोलणारा नवरा आणि गळणारं छप्पर.” पुढचं ते कधीच सांगत नाहीत.

आपण स्वतःच्या सुनेसाठी स्थळ बघतोय, आणि ज्याच्यावर दुसरं आणायचं तो आपलाच मुलगा आत मोज्यांची जोडी शोधतोय, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मीही ते आणून दिलं नाही.

तर मी साइतोचा रूट धरला. मितभाषी, शिस्तीचा, डावखुरा, कामाशी काम. असे कर्जदार मला फार आवडतात. वाटलं, हा तर माझ्याच वळणाचा, इथे संस्कार कामी येतील. तो गप्प बसला की मीही गप्प बसण्याचा पर्याय घेतला. त्याने कामाला जातो म्हटलं की या म्हटलं. तीन रात्री आम्ही दोघं अत्यंत समंजसपणे वागलो आणि एकदाही फूल चमकलं नाही. चौथ्या रात्री बॅड एंड. क्रांती, गोळीबार आणि तलवारी पचवून जो माणूस १९१५ पर्यंत टिकला, तो माझ्याकडे पाच प्रकरणंसुद्धा टिकला नाही.

सकाळी अप्पांनी कपातला चहा बशीत ओतला आणि नुसत्या भुवयांनी विचारलं. मी मान हलवली.

“पोलिसवाला पण गेला?”

“गेला.”

ते बराच वेळ बशीत फुंकर घालत राहिले. मग तक्ता पुढे ओढून चष्म्याखालून वरच्या ओळींवर बोट फिरवू लागले.

“त्या हिजिकाताचा घरचा चूर्णाचा धंदा होता म्हणालीस ना?”